सघन कपाशी आणि गुलाबी बोंडअळी: पहिली फवारणी कधी, आणि मोजायचं काय?

वाफसा

यंदा चार एकर कपाशी ९० × १५ सेंटीमीटरवर टोबायचा विचार आहे. जमीन मध्यम ते भारी, कोरडवाहूच धरा, विहिरीचं एखादं-दुसरं पाणी देता येईल एवढंच. १२० × ४५ वर एकरी साडेसात हजार झाडं बसतात. ९० × १५ वर हिशेब तीस हजारांच्या जवळ जातो. म्हणजे एका झाडाच्या जागी चार.

दोन गोष्टी नीट कळत नाहीत. एक, एवढ्या गर्दीत गुलाबी बोंडअळी वाढते की कमी होते? गावात दोन्ही बाजूंनी छातीठोक सांगणारे आहेत. दुसरी, पहिला फवारा कधी? दुकानातून मिळतं ते वेळापत्रक: ६० दिवसांना एक, ७५ ला दुसरा, ९० ला तिसरा. शेतात काय आहे हे न बघता औषध मारणं पटत नाही. पण मोजून मारायचं म्हटलं तर काय मोजायचं, किती, आणि शेताच्या कुठल्या भागात? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

काळी_कसदार

आधी अंतराचं बघा, अळीचं नंतर. ९० × १५ हे हलक्या, उथळ जमिनीसाठी आहे, जिथे झाड कमरेच्या वर जातच नाही. मध्यम-भारी जमिनीत ९० × ३० ठेवा. भारी जमिनीत १५ सेंटीमीटरवर लावलं आणि सप्टेंबरात चांगला पाऊस झाला की ओळी एकमेकींत घुसतात, खालच्या बोंडांना ऊन-वारा लागत नाही, बोंडसड होते. अळीचं नाव घेतलं जातं, पण अर्ध्या वेळा ती सडच असते.

वाढ आवरायला मेपिक्वाट क्लोराइड ५ टक्के, १० लिटरला १० ते १२ मिली, पात्या (फुलकळ्या) धरायला लागल्या की पहिला फवारा आणि १५-२० दिवसांनी दुसरा. पावसाचा ताण असेल तेव्हा मारू नका, झाड आधीच थांबलेलं असतं. गळफांद्या (बोंडं न धरता नुसत्या वाढणाऱ्या खालच्या फांद्या) वेळेवर काढल्या तरी आतून मोकळं राहतं.

पऱ्हाटी

सघन लागवडीत अळी वाढते का, याचं उत्तर झाडांच्या गर्दीत नाही, हंगामाच्या लांबीत आहे.

एका झाडाला चाळीस बोंडं हवी असतील तर झाड पाच-सहा महिने फुलत राहायला लागतं. तीस हजार झाडांना प्रत्येकी आठ-दहा बोंडं पुरतात, आणि ती महिनाभरात धरून होतात. गुलाबी अळीच्या पिढ्या एकावर एक चढत जातात: ऑगस्टमध्ये तुरळक, सप्टेंबरअखेर जाणवण्याइतकी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात धो धो. तुमची बहुतेक बोंडं ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पक्की झाली तर अळीला कोवळं बोंड सापडत नाही. सघन लागवडीचा खरा फायदा हा आहे. पण सघन लावायचं आणि वाण १८० दिवसांचं घ्यायचं, युरिया देत राहायचं, डिसेंबरात पाणी सोडून पुन्हा फुलवायचं असं केलं तर चौपट झाडांवर चौपट अळ्या पोसल्या जातील. १४० ते १५० दिवसांत संपणारं वाण घ्या.

तिफण

वर म्हणताय तसं लवकर येणारं वाण घेतलं तरी शेजाऱ्याने मे महिन्यात ठिबकवर लावलेली कपाशी असेल तर काय उपयोग? तिथेच पहिली पिढी तयार होते.

पऱ्हाटी

तिफण भाऊ, बरोबर. मुळाशी गेलं तर प्रश्न तिथेच आहे. सुप्तावस्थेतल्या अळ्यांचे पतंग मे-जूनमध्ये बाहेर पडतात. तेव्हा शिवारात पात्या-फुलं नसतील तर ते अंडी न घालताच मरून जातात. पतंगाचं आयुष्य दोन-तीन आठवड्यांच्या पलीकडे जात नाही. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर लावलेल्या कपाशीला पात्या येतात जुलैअखेर. मेमधल्या कपाशीला येतात जूनअखेर. या एका महिन्याच्या फरकावर अळीची एक अख्खी पिढी जगते. कृषी विभाग जूनच्या आधी लावू नका म्हणतो, त्यामागे हेच कारण आहे.

डोमकळी

वाफसा, तुमच्या "काय मोजायचं" या प्रश्नाकडे येते. तीन गोष्टी मोजायच्या, आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी.

पहिली, डोमकळ्या. ४५ दिवसांपासून ७० दिवसांपर्यंत. फूल उमलायच्या वेळी पाकळ्या पूर्ण उघडत नाहीत, टोकाशी पिळल्यासारख्या मिटून गुलाबाच्या कळीसारख्या दिसतात. अळीने आतून रेशीम लावून त्या बांधलेल्या असतात. हाताने सोडवली की आत परागकोष कुरतडलेले दिसतात आणि अळी पिवळ्या परागात लोळलेली असते. सकाळी नऊच्या आत बघा. उन्हं वर आली की चांगली फुलंही कोमेजून मिटायला लागतात आणि फरक कळत नाही. शंभर फुलांत दहा डोमकळ्या म्हणजे फवाऱ्याची वेळ. त्याआधी दिसतील तेवढ्या तोडून पिशवीत घ्या आणि बांधावर न फेकता जाळा किंवा पुरा. फेकलेल्या फुलातली अळी मातीत उतरून कोष करते.

दुसरी, सापळ्यातले पतंग. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) नजर ठेवायला पुरतात. एका सापळ्यात एका रात्री आठ किंवा जास्त पतंग, असं सलग तीन रात्री, म्हणजेही फवाऱ्याची वेळ.

तिसरी, आणि सगळ्यात भरवशाची, हिरवी बोंडं फोडून बघणं. १० ते १५ दिवसांचं बोंड, गोटीपेक्षा मोठं, बोटाने दाबलं तर किंचित दबणारं. एकरात नागमोडी फिरून २० झाडांवरून एकेक तोडायचं. दोन बोंडांत जिवंत अळी निघाली म्हणजे १० टक्के. तिथे थांबायचं नाही, फवारायचं.

गोफणगुंडा

डोमकळीताई, बोंडं फोडण्यात बहुतेक जण एक चूक करतात. गुलाबी अळी शोधत बसतात. अळी लहानपणी पांढरी असते, डोकं तेवढं काळपट. गुलाबी रंग येतो तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत. मिलिमीटरभर लांबीची पांढरी अळी ओल्या पांढऱ्या कापसात दिसतच नाही, आणि माणूस "बोंड साफ आहे" म्हणून पुढे जातो. आठवड्याने सरकी पोखरलेली.

म्हणून बोंड चिरलं की आधी सालीच्या आतली बाजू बघा. अळी आत शिरताना सालीच्या आतल्या अंगाला नागमोडी रेघ किंवा फोडासारखा उंचवटा पडतो. तो दिसला की त्याच कप्प्यातली सरकी नखाने फोडून बघा. बाहेरून छिद्र शोधू नका, शिरतानाचं छिद्र एक-दोन दिवसांत भरून येतं. बाहेर दिसतं ते गोल, साधारण दोन मिलिमीटरचं छिद्र, म्हणजे अळी खाऊन-पिऊन निघून गेलेली आहे.

मोठं भोक, तोंडाशी विष्ठेचा ओला गोळा आणि अर्धी अळी बाहेर असेल तर ती अमेरिकन बोंडअळी. कोवळा शेंडा वाळून मान टाकत असेल तर ठिपक्यांची. दोघींची औषधं आणि वेळ वेगळी.

मृगाचा_पाऊस

२० बोंडांवरून चार एकराचा निर्णय घेणं मला धोक्याचं वाटतं. २० पैकी एक निघालं तर ५ टक्के, दोन निघाली तर १० टक्के. मधे काहीच नाही. एका बोंडाच्या नशिबावर फवारा ठरतो.

डोमकळी

आकडा २० चा आहे तो एका एकरासाठी. चार एकराला ८० बोंडं, आणि प्रत्येक एकराची नोंद वेगळी ठेवायची. कडेच्या चार-पाच ओळी सोडून आत शिरा. गोठा, कापूस साठवलेली खोली, पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची) गंजी किंवा जिनिंग ज्या बाजूला असेल तिकडच्या कडेला अळी नेहमी आधी लागते. ती कड वेगळी मोजा. तिथे १५ टक्के आणि आत २ टक्के असेल तर फक्त तेवढ्याच पट्ट्यावर फवारा मारून भागतं. एकच बोंड निघालं तर चार दिवसांनी पुन्हा मोजा, नाहीतर एरवी आठवड्याने.

सरकी

सापळ्यांबद्दल थोडं, कारण सापळा लावला आणि पतंग येईना म्हणून लोक निर्धास्त होतात.

सापळ्यातली वासाची गोळी कुठली आहे ते बघा. गुलाबी अळीची गोळी गॉसिप्ल्युर. हरभऱ्यातून उरलेली हेलील्युर किंवा सोयाबीनची स्पोडोल्युर लावली तर गुलाबीचा एकही पतंग येणार नाही. एका सापळ्यात दोन गोळ्या लावू नका. गोळीला तंबाखूचा, औषधाचा किंवा दुसऱ्या गोळीचा हात लागला तरी वास बिघडतो. पाकीट फोडलं की लगेच लावा, उरलेली पाकिटं फ्रिजमध्ये. पाकिटावर लिहिलेल्या मुदतीला गोळी बदला, साधारण तीन आठवडे धरा.

सापळा पिकाच्या शेंड्यापासून फूट-दीड फूट वर. पीक वाढतं तसा काठीवर वर सरकवत न्यायचा. ऑगस्टमध्ये लावलेला सापळा सप्टेंबरात पानांत बुडतो आणि पतंग शून्यावर येतात, हे सगळ्यात जास्त घडतं. पिशवीचं खालचं तोंड रबराने बांधलेलं आहे ना, उंदराने पिशवी कुरतडली नाही ना, हे मोजायच्या आधी बघा. मोजून झालं की पिशवी रिकामी करा, नाहीतर कालचे पतंग आजच्या हिशेबात येतात.

पतंग धरून मारायलाच सापळे हवे असतील तर एकरी आठ. साधारण २२ मीटरला एक पडतो.

बिनपाण्याचा

एकरी आठ सापळे लावूनही अळी थांबत नाही, कारण सापळ्यात फक्त नर येतात आणि एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यापेक्षा ते मिलनात अडथळा आणणारे धागे बरे ना, पीबी नॉट?

सरकी

धागे चांगले, पण अट आहे. एकरी १६० धागे, ४० ते ५० दिवसांच्या पिकावर, झाडाच्या वरच्या भागात खोडाला सैल गाठ मारून. अख्ख्या शिवारात तोच वास भरल्यामुळे नराला मादी सापडत नाही. मात्र एकट्या दोन एकरांत बांधून उपयोग नाही. शेजारच्या शेतात मिलन झालेली मादी उडत येते आणि तुमच्याकडे अंडी घालते, तिला धाग्याचं काय? सलग वीस-पंचवीस एकरांचा पट्टा असेल तर विचार करा.

आणि हे विसरू नका: धागे बांधल्यावर कामगंध सापळ्यात पतंग पडायचे थांबतात, कारण नराला सापळाही सापडत नाही. शून्य पतंग म्हणजे शून्य अळी असं समजू नका. तिथे फक्त बोंडं फोडूनच खरं कळतं.

तिफण

एक मूळचा प्रश्न. कपाशी बीटी आहे, म्हणजे अळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार करणारं जनुक घातलेली, तर अळी मरायला हवी. दोन-दोन जनुकांचे पैसे आपण कशाचे देतो?

काळी_कसदार

तिफण, थोडा इतिहास. पहिलं बीटी २००२ मध्ये आलं, एका जनुकाचं. २००६ मध्ये बीजी-२, दोन जनुकांचं. पहिल्या जनुकाला गुलाबी अळी दाद देत नाही हे गुजरातच्या काही जिल्ह्यांत २०१० च्या आसपास उघड झालं, बीजी-२ ला दाद देत नाही हे तिथेच २०१४-१५ मध्ये. आपल्याकडे २०१७ च्या हंगामात गुलाबीने केलेलं नुकसान सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकन आणि ठिपक्यांच्या अळीवर बीटीचा धाक अजून आहे, तेवढ्यासाठी ते उपयोगी. गुलाबीसाठी मात्र कपाशी बिगरबीटीच आहे असं समजून चला.

पऱ्हाटी

इतक्या लवकर का निकामी झालं ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे बीटी म्हणजे संकरित बियाणं. त्यात जनुकाची एकच प्रत असते, एका पालकाकडून आलेली. पानात, फुलात दोन्ही प्रथिनं असतात. पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी, तिथे वाटणी होते. दर १६ सरक्यांत सरासरी ९ मध्ये दोन्ही प्रथिनं, ३ मध्ये एकच, ३ मध्ये दुसरंच, आणि एकीत काहीच नाही. अमेरिकन अळी पान-फूल-बोंड सगळं खाते. गुलाबी अळी मुख्यतः सरकीवरच जगते. तिला एकाच बोंडात कमी विषाची, अर्ध्या विषाची आणि बिनविषाची सरकी मिळत गेली. कणाकणाने विष पचवायला शिकण्याची याहून चांगली शाळा नाही.

अमेरिकेत कपाशी सरळ वाणाची, संकरित नाही. तिथे बीटी, बिगरबीटी पट्टे (बीटीला दाद देणाऱ्या अळ्या टिकून राहाव्यात म्हणून लावलेल्या साध्या कपाशीच्या ओळी), कामगंध आणि नपुंसक केलेले पतंग सोडणं हे सगळं गावोगाव एकत्र राबवलं, आणि २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचं जाहीर झालं. अळी तीच आहे. आपण पट्टे लावले नाहीत. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगरबीटी पाकीट यायचं, ते बांधावर फेकलं जायचं.

निंबोळी

काही पाकिटांत बिगरबीटीऐवजी तूर यायची. तुरीच्या चार ओळी लावल्या की आश्रय ओळींचं, म्हणजे बिगरबीटी पट्ट्यांचं, काम झालं असं अनेकांना वाटतं. तूर अमेरिकन बोंडअळीचं खाद्य आहे. गुलाबी अळी तुरीवर जगत नाही. तिला कपाशी लागते, फार तर भेंडी-अंबाडी. तूर तिच्या उत्पन्नासाठी जरूर लावा, गुलाबीसाठी नाही. आता ४७५ ग्रॅमच्या पाकिटात ५ ते १० टक्के बिगरबीटी मिसळूनच येतं, त्यामुळे वेगळं लावायचा प्रश्न उरला नाही.

पहिल्या फवाऱ्याबद्दल: पात्या लागल्यापासून निंबोळी अर्क ५ टक्के मारा. कीटकनाशकाची घाई करू नका. पाच किलो वाळलेली निंबोळी भरडून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी काठीने ढवळून फडक्यातून दोनदा गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या लिटरभर पाण्यात विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. संध्याकाळी मारा, उन्हात तो लवकर उतरतो. केलेला अर्क त्याच दिवशी संपवा. मागच्या वर्षीची बुरशी धरलेली निंबोळी वापरू नका. करणं जमत नसेल तर अझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम, १० लिटरला ५० मिली. मादी अंडी घालायला कचरते, हे त्याचं काम. बोंडात गेलेली अळी त्याने मरणार नाही.

सरकी

निंबोळीच्या जोडीला ट्रायकोकार्ड, म्हणजे अळीची अंडी नष्ट करणाऱ्या बारीक मित्रकीटकाचं कार्ड. गुलाबीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्रे ही जात मागून घ्या. एकरी ६० हजार अंडी, म्हणजे २० हजारांची तीन कार्डं, फुलं लागल्यापासून दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करा. वर लावल्या की ऊन लागतं आणि मुंग्या खातात. कार्डाच्या आधी-नंतर आठवडाभर रासायनिक फवारा नको, नाहीतर मित्रकीटकच मरतात.

कृषिमित्र_९०

सगळं ठीक, पण शेतकऱ्याला एका फवाऱ्यात काम हवं असतं. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं तयार मिश्रण ऑगस्टमध्ये मारलं की अळी, मावा, तुडतुडे सगळंच जातं. दहा जणांचं ऐकून हंगाम घालवण्यापेक्षा हे बरं.

गोफणगुंडा

याला माझा साफ विरोध आहे. ऑगस्टमध्ये सायपरमेथ्रिन मारलं की कोळी, ढालकिडे, क्रायसोपा हे मित्रकीटक आधी मरतात आणि महिन्याभरात पांढरी माशी उसळते. पानं चिकट, काळी पडतात, मग तिच्यासाठी वेगळी दोन औषधं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रिनचा गट) नोव्हेंबरच्या आधी नकोच. तोवर पीक संपत आलेलं असतं, मग मारायची गरजही बहुतेक पडत नाही.

क्रम असा ठेवा. ऑगस्टपर्यंत निंबोळी आणि कार्ड. सप्टेंबरात १० टक्क्यांची पातळी ओलांडली तर प्रोफेनोफॉस ५० ईसी, १० लिटरला ३० मिली, किंवा थायोडिकार्ब ७५ डब्ल्यूपी २० ग्रॅम. ऑक्टोबरात पुन्हा ओलांडली तर इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी साडेचार ग्रॅम, किंवा क्लोरपायरीफॉस २० ईसी २५ मिली. लागोपाठ दोनदा एकच औषध नाही. आणि अळी बोंडात शिरल्यावर कुठलंही औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. अंड्यातून निघालेली अळी तास-दोन तासांत बोंडात शिरते. औषध लागू पडतं ते पतंगावर, अंड्यावर आणि त्या तास-दोन तासांत. सापळ्यात पतंग वाढल्याबरोबर फवारा आणि पंधरा दिवसांनी फवारा, यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कृषिमित्र_९०

पांढऱ्या माशीचा मुद्दा मान्य. मात्र पंपाचं प्रमाण लोकांना नीट सांगा. १० लिटरचा आकडा पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला चालत नाही.

मृगाचा_पाऊस

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. औषध एकराला मोजायचं, टाकीला नाही. इमामेक्टिन एकरी ८८ ग्रॅमपर्यंत. हातपंपाने किंवा बॅटरी पंपाने एकरी २०० लिटर पाणी जातं, म्हणजे १० लिटरला ४.४ ग्रॅम. पेट्रोल पंपाने ८० लिटरच पाणी जात असेल तर तेच ८८ ग्रॅम ८० लिटरमध्ये, म्हणजे १० लिटरला ११. "पॉवर पंपाला तिप्पट" हे ऐकीव गणित यातूनच आलं आहे. पाणी २०० लिटरच वापरायचं आणि औषध मात्र तिप्पट टाकायचं हा त्याचा चुकीचा अर्थ. आधी नुसतं पाणी भरून दहा गुंठे फवारून बघा, किती लिटर लागलं त्याला चारने गुणा, मग औषध ठरवा.

नोझल पोकळ शंकूची. तणनाशकाची चपटी नोझल लावून फवारलं की वरची पानं भिजतात, बोंडं कोरडी. आणि तणनाशकाचा पंप कपाशीत वापरूच नका. २,४-डी चा अंश राहिला तरी पानं भेंडीसारखी लांबट, चिरलेली होतात.

निंबोळी

सघन कपाशीत फवारणाऱ्याच्या जिवाची काळजी दुप्पट घ्यायला हवी, म्हणून हे लिहिते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पीक डोक्याएवढं, ओळी मिटलेल्या, हवा कोंडलेली, दोन-तीन औषधं एकत्र, अंगावर साधा सदरा. यातलं प्रत्येक कारण टाळता येतं.

पीक छातीच्या वर गेलं असेल तर आत शिरून फवारू नका. म्हणूनच वाढ आधी आवरायची आणि दर दहा-बारा ओळींमागे एक ओळ सोडायची. वाऱ्याकडे तोंड करून चालू नका, वारा बाजूने घ्या. भिजलेल्या अंगात औषध कोरड्या अंगापेक्षा खूप जास्त शोषलं जातं, म्हणून पंप गळत असेल तर तो दिवस सोडा. रिकाम्या पोटी नाही, फवारताना तंबाखू-पाणी नाही, तुंबलेली नोझल तोंडाने फुंकायची नाही. सलग दिवसांत एकाच माणसाला पंप देऊ नका.

मळमळ, डोळ्यांतून-तोंडातून पाणी, बाहुल्या बारीक, अंग थरथरणं असं काही दिसलं की लगेच कपडे काढा, साबणाने अंग धुवा, औषधाची बाटली लेबलसकट बरोबर घेऊन थेट दवाखाना. दूध-तूप पाजत वेळ घालवू नका. डॉक्टरला औषध कुठल्या गटातलं ते कळलं तरच इलाज नेमका होतो.

उलंगवाडी

सगळे फवाऱ्यावर बोलताय. माझ्या मते या अळीचा निकाल जानेवारीत लागतो.

शेवटच्या पिढीची अळी लगेच कोष करत नाही. दोन सरक्या रेशमाने जोडून त्यांच्या मधे, किडक्या बोंडात, पऱ्हाटीवर राहिलेल्या कवडीत (नीट न उमललेल्या बोंडात), मातीच्या भेगेत झोपते आणि पुढच्या जूनची वाट बघते. फरदड (हंगाम संपल्यावर पाणी देऊन पुन्हा फुलवलेली कपाशी) ठेवली तर तिला झोपायचीही गरज नाही, मार्चपर्यंत खात राहते. म्हणून डिसेंबरअखेर उलंगवाडी, म्हणजे पीक संपवून शेत मोकळं. शेवटचा वेचा झाला की शेळ्या-मेंढ्या, गुरं सोडा, उरलेली हिरवी बोंडं ती खाऊन टाकतात. त्याआधी पंधरा दिवसांत फवारा झालेला नसावा. मग पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडा किंवा कंपोस्ट करा. सरपणाला हवी असेल तर बोंडं झाडून वेगळी करा, ती जाळा, मग काड्या घरी न्या. धुऱ्यावर गंजी रचून जूनपर्यंत ठेवलेली पऱ्हाटी म्हणजे अळीचं साठवणघर. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट, कोष उन्हात येतात.

भाव वाढेल म्हणून कापूस घरात ठेवत असाल तर त्या खोलीच्या दाराशी एक कामगंध सापळा टांगा. मार्च ते जून त्यात जे पतंग पडतील ते तुमच्याच शेतात जायचे होते.

बिनपाण्याचा

फरदडीतून दोन-तीन क्विंटल निघतात, ते सोडायचे कसे? पाणी आहे तिथे लोक ऐकणार नाहीत.

उलंगवाडी

तेच पाणी हरभऱ्याला किंवा गव्हाला द्या, पण त्यासाठी कपाशी नोव्हेंबरात मोकळी व्हायला हवी. लवकर येणारं वाण घ्या असं पऱ्हाटी म्हणाले ते इथे लागू पडतं. फरदडीचा कापूस पिवळसर, कवडीचा, सरकी पोकळ. जिनिंगवर त्याला पहिल्या वेच्याचा भाव कोणी देत नाही. वेचणीची मजुरी मात्र जास्तच लागते, कारण बोंड अर्धवट उघडतं आणि बोटांनी कोरून काढावं लागतं. हे दोन-तीन क्विंटल विकल्यावर मजुरी वजा करून काय उरतं, ते कागदावर मांडून बघा. पुढच्या जूनमध्ये सगळ्या शिवाराचं जे नुकसान होतं ते तर त्यात धरलेलंच नाही.

तिफण

गावातल्या एकाने फरदड ठेवली तर बाकीच्यांचं सगळं वाया जातं. हे ग्रामसभेतच ठरायला हवं.

वाफसा

सर्वांचे आभार, खूप स्पष्ट झालं. चार एकरांपैकी बांधाकडचा एक एकर मुरमाड आहे, तिथे ९० × १५ ठेवतो, बाकी तीन एकरांत ९० × ३०. वाण १५० दिवसांच्या आतलं. फक्त एक सांगा: सापळे आठ आणि बोंडं ८० हे सगळं एका माणसाकडून दर आठवड्याला होईल का? आणि पातळी ओलांडली आहे, पण पाऊस लागून राहिलाय, अशा वेळी काय करायचं?

डोमकळी

चार एकराला ८० बोंडं तोडून फोडायला सकाळचे दोन-अडीच तास लागतात. शेतात फोडत बसू नका, एकर लिहिलेल्या चार पिशव्यांत भरून बांधावर आणा आणि चाकूने उभी चिरा. भिंग असेल तर उत्तम, पांढरी अळी सुटत नाही. सापळे पहाटे मोजून घ्या, ते दहा मिनिटांचं काम आहे. तारीख, एकर, सापळ्याचे पतंग, डोमकळ्या, अळीची बोंडं, एवढे पाच रकाने वहीत पुरे.

गोफणगुंडा

पावसाचं: चार तासांची उघडीप मिळणार नसेल तर मारू नका, औषध धुऊन जातं आणि पैसाही. उघडीप मिळाली की पानं वाळल्यावर मारा, चिकटद्रव्य कंपनीने दिलेल्या प्रमाणातच. पाऊस आठ दिवस लांबला तर पुन्हा बोंडं मोजून मगच ठरवा. तोवर बऱ्याच अळ्या आत गेलेल्या असतात आणि फवारा पुढच्या पतंगांच्या वेळी, सापळा बघून द्यावा लागतो.

सरकी

वाफसा, मुरमाड एकरातले सापळे आधी लावा. तिथे ताण बसला की फुलं लवकर येतात आणि पतंग पहिल्यांदा तिकडेच वळतात. गोळ्या जुलैच्या मध्यापर्यंत आणून ठेवा, ऑगस्टमध्ये दुकानात गॉसिप्ल्युर संपलेली असते आणि दुसरीच गोळी हातात ठेवतात.